पांढऱ्यातलं पांढरं

पांढऱ्या चौकोनाच्या पोटात आणखी एक चौकोन असतो, किंचित कमी पांढरा. तो डाव्या मॉनिटरवर दिसत होता आणि उजव्या मॉनिटरवर दिसत नव्हता. तिने चष्मा पुसला, खिडकीचा पडदा ओढून घेतला, खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, मान तिरकी केली. डावीकडे होता. उजवीकडे नुसता सपाट पांढरा तुकडा, नुकताच चुना मारलेल्या भिंतीसारखा. आणि त्या क्षणी तिला जे वाटलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिचा जीव भांड्यात पडला.

अर्ध्या तासापूर्वी हॉस्पिटलमधून सरांचा, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांचा, फोन आला होता. ती सोळा वर्षं बायकांच्या छातीचे एक्स-रे, मॅमोग्राफीचे फोटो, वाचत आली होती. त्यातली गेली चार घरून. फोटो हॉस्पिटलमध्ये काढायचे, ते वायरीतून तिच्या घरी यायचे, आणि ती त्यात काय आहे नि काय नाही ते लिहून परत पाठवायची. फोटोतल्या बायका तिला कधी दिसत नसत. वय दिसे, नंबर दिसे आणि तक्रारीच्या रकान्यात एखादी ओळ. सर एरवी फोनवर आधी हवापाण्याचं बोलत. आज थेट म्हणाले, "बसलाय ना मॅडम? आठ महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट आहे तुमचा. तुम्ही काही नाही म्हटलंय." "मग?" "मग आता आहे. अडीच सेंटिमीटरची गाठ. जुना फोटो काढून बघितला आम्ही. तेव्हाही आहे. लहान आहे, पण आहे." मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघा, होतं. माणूस आहे. पण तुम्ही घरून बघता ना, तर घरच्या कॉम्प्युटरचंही काही असू शकतं. ते एकदा तपासा. तसं काही निघालं तर शुक्रवारपर्यंत दोन ओळी लिहून द्या. कमिटीला काय, कारण लागतं हो. कारण मिळालं की कागद पुढे सरकतो." म्हणूनच तिने तो तपासणीचा चौकोन लावून बघितला होता, आणि कारण तिथे तिची वाटच बघत असल्यासारखं मिळालं होतं.

खरं म्हणजे तो चौकोन रोज लावायचा असतो. सकाळी पहिला फोटो उघडायच्या आधी दोन्ही मॉनिटरवर तो आणायचा, पांढऱ्यातलं पांढरं आणि काळ्यातलं काळं दिसतंय ना ते बघायचं, मगच वहीत तारखेपुढे बरोबरची खूण करून सही करायची. शिकत असताना त्यांच्या बाई सांगत, आधी तुमचा आरसा पुसा, मग दुसऱ्याचं तोंड बघा. तिने तो नेम बारा वर्षं हॉस्पिटलात आणि पुढे घरीही पाळला होता. ताप असला तरी पाळला होता. आता तिने ती वही काढली. आठ महिन्यांच्या खुणा ओळीने होत्या, एक दिवस रिकामा नव्हता. पण नीट बघितलं की कळत होतं. सोमवार ते शनिवार एकाच शाईत, एकाच तिरपेपणात, सहाव्या सहीपर्यंत हात कंटाळलेला. सोमवारी बसायचं नि आठवड्याच्या सह्या ठोकून टाकायच्या. हे कधी सुरू झालं ते तिला ठाऊक होतं. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि सकाळची वेळ कुणाच्याच ताब्यात राहिली नाही, तेव्हापासून.

तेव्हाच तिसरा मॉनिटर आला. नवऱ्यानेच आणला. शेजारच्या खोलीत सासूबाईंच्या पलंगासमोर त्याने कॅमेरा बसवला, म्हणजे हिला काम करता करता त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल. मॉनिटर मोठा होता, त्याची वायर जाड तोंडाची, आणि ती कॉम्प्युटरच्या आतल्या, मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या कार्डाच्या दोनच भोकांत बसे. ती दोन्ही भोकं तिच्या दोन फोटोंच्या मॉनिटरनी अडवलेली. त्या दिवशी ती स्वतः टेबलाखाली शिरली होती. पोटावर पालथी पडून, तोंडात टॉर्च धरून, तिने उजव्या मॉनिटरची वायर उपसली, तिला खोक्यातून निघालेलं बोटभर लांबीचं जोडतोंड, म्हणजे अॅडॅप्टर, लावलं आणि ती शेजारच्या साध्या भोकात खुपसली. बाहेर येऊन बघितलं तर तिन्हीकडे चित्र आलं होतं. डावीकडे कुणा बाईचा जुना फोटो, उजवीकडे नवा, आणि पलीकडे सासूबाई, उशीला टेकून, कॅमेऱ्याकडे संशयाने बघत. "दिसते का गं मी त्या डब्यात?" "दिसता की." "कशी दिसते?" "छान दिसता आई." "मग बिघडलाय तो. परत द्या." तेव्हा ती केवढ्यांदा हसली होती. चित्र आलं होतं, आणि तेवढ्यावर तिने ते सोडून दिलं होतं.

सरांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवऱ्याला घेऊन नवं कार्ड घ्यायला गेली. दुकान जिन्याखाली होतं, अरुंद, दोन्ही बाजूंनी खोक्यांच्या थप्प्या. दुकानदार कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून कुणाचा तरी उघडा कॉम्प्युटर फुंकर मारून साफ करत होता. "किती मॉनिटर?" त्याने मान वर न करता विचारलं. "तीन. दोन मोठे, खास. एक साधा." "गेम खेळता?" "नाही." "शेअर बाजार?" "नाही." "मग तीन-तीन कशाला लागतात, ताई?" नवरा म्हणाला, "ही लोकांच्या आतलं बघते," आणि दुकानदार हसला. "बापरे. मग माझ्याकडे नका बघू." तिने मॉनिटरचं नाव सांगितलं तसं त्याने हातातलं काम खाली ठेवलं. ते ऐकल्यावर तो जरा बदललाच. त्याने दोन खोकी काढली. एकावर आग ओकणारा कसलासा प्राणी होता, दुसरं करडं, नुसत्या अक्षरांचं. "हे पोरांचं. पळतं फार, तापतं फार, पंखा असा बोंबलतो की घरातल्यांना वाटतं गिरणी लावली. तुम्हाला पळायचं नाहीये. तुम्हाला हे. चार भोकं, चारही एकसारखी, कुणाला सावत्र वागणूक नाही. तुमच्या मॉनिटरला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हजार पायऱ्या दाखवता येतात. पण कार्डातून आणि वायरीतून त्या यायला नकोत का? आत्ता कसं जोडलंय?" तिने सांगितलं. बोटाने जोडतोंडाची लांबी दाखवली. त्याने च्यक् केलं. "अरेरे. त्यातून अडीचशेच जातात हो. आणि दोन्ही टोकं कापली जातात. अगदी पांढरं नि त्याच्याजवळचं पांढरं, सगळं एकच."

ती काउंटरची कडा धरून उभी होती. हे त्याने आणखी एकदा म्हणावं असं तिला वाटत होतं. घशाखाली थंड पाणी उतरावं तसं ते वाक्य आत उतरत होतं. "म्हणजे त्यात एखादी बारीक गोष्ट दिसणारच नाही?" "नाही दिसणार असंही होईल." "हे तुम्ही लिहून द्याल?" "काय?" "की या जोडणीत दिसू शकत नाही." दुकानदार तिच्याकडे बघत राहिला. नवरा घाईने म्हणाला, "नाही हो, ऑफिसात द्यावं लागतं, बिलाबरोबर." "देईन की, त्यात काय," दुकानदार म्हणाला आणि पावतीपुस्तक शोधायला खाली वाकला. तिथूनच, सहज, पुस्तक सापडेना म्हणून वेळ काढल्यासारखं त्याने विचारलं, "पण इतके दिवस तुम्हाला फरक कळला नाही?"

परतताना नवरा गाडी चालवत होता आणि करडं खोकं तिच्या मांडीवर होतं. "झालं तर मग," तो म्हणाला. "त्यात खोटं काय आहे? वायर चुकीची होतीच ना?" "मीच लावली." "ते कोण विचारतंय?" थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "आई पडली नसती तर..." आणि गियर बदलला, आणि ते वाक्य तसंच राहिलं. तिला कळलं की त्याला भीती कशाची आहे. एकदा कारण खणायला लागलं की ते कुठवर जाईल सांगता येत नाही. कार्डापाशी थांबलं तर बरं, पलंगापर्यंत जायला नको. त्याच्या मानेवर घाम होता. तिला त्याची कीव आली, स्वतःचीही आली, आणि लगेच वाटलं, कीव येण्याची पाळी आपली नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई ती, फोटोतली. तक्रारीच्या रकान्यात तेव्हा लिहिलं होतं: काही नाही, आईला कॅन्सर होता. आणि आताच्या फॉर्मवर: हाताला लागतं. कोण लिहितं या ओळी? समोर बसून विचारणारी नर्स लिहिते. म्हणजे ती बाई नर्सला म्हणाली असणार, काही त्रास नाही हो, आईला होता म्हणून आपलं दाखवून घेते. आणि रिपोर्ट हातात आल्यावर घरी फोन करून म्हणाली असणार, काही नाहीये, सुटले.

घरी आल्यावर तिने खोकं उघडलं नाही. आधी तो फोटो उघडला. डावीकडे, धड वायरीवर. घड्याळात दहा वाजतात त्या जागी तो ठिपका होता, वाटाण्याएवढा, काठाला किंचित ओढल्यासारखा, पांढऱ्या जाळीत अडकलेलं जरा जास्त पांढरं. मग तिने तोच फोटो सरकवत सरकवत उजव्या मॉनिटरवर नेला. तो तिथेही होता. फिकट होता, काठ विरघळलेला होता, पण होता. तिने डोळे मिटले, उघडले, होता. फोटो लहान केला, होता. तिथे तो आहे हे आता डोळ्याला सांगितलेलं होतं, आणि सांगितलेल्या डोळ्यावर विश्वास कसा ठेवायचा? आता तिला तो कोळशाने भिंतीवर काढला असता तरी दिसला असता, आणि भिंत पुसली असती तरीही. आठ महिन्यांपूर्वीच्या, न सांगितलेल्या डोळ्याला तो दिसू शकत होता की नाही, हे तिला आता कधीच स्वतःला विचारता येणार नव्हतं. तो डोळा गेला होता.

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारचं तिला आठवावं म्हणून तिने कॉम्प्युटरमधली नोंद काढली. फोटो उघडला तीन वाजून दोन मिनिटांनी, रिपोर्टवर सही तीन एकतीसला. ती एका फोटोला तीन मिनिटं घेत असे, फार तर चार. शिकत असताना तिचं नावच झटपट पडलं होतं, आणि सर लोक कौतुकाने म्हणत, झटपट म्हणते म्हणजे झालं. मधली पंचवीस मिनिटं कुठली? तीही तिला हळूहळू आठवली. तिसऱ्या मॉनिटरवर काहीतरी हललं होतं. सासूबाईंनी पांघरूण बाजूला केलं होतं आणि एक पाय खाली सोडला होता. ती धावली. त्या पलंगाच्या कडेला बसून रडत होत्या. चादर ओली झाली होती आणि सुनेने ती बदलायला नको म्हणून त्या स्वतः उठायला निघाल्या होत्या. "तुझं काम मोडलं ना गं?" त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. तिला त्यांची बोटं आठवली, पायाची, फरशीवर टेकलेली, गार, निळसर, नखं वाढलेली. चादरीचा वास आठवला. त्यांना कुशीवर वळवताना आपल्या कमरेत आलेली कळ आठवली. हात धुताना साबण संपल्याचं आठवलं. आणि परत येऊन खुर्चीत बसल्यावर समोर जो फोटो होता, तो मात्र अजिबात आठवला नाही. तो बघून झाला आहे असं तिला वाटलं असणार. नेहमीचं वाक्य कीबोर्डच्या एका कळीवर ठेवलेलं असतं, काही आढळले नाही. ती कळ दाबली असणार. असणार, असणार. आपल्याच हाताबद्दल ती परक्याच्या हाताबद्दल बोलावं तसं बोलत होती.

गुरुवारी सकाळी तिने गोगलगायीला बोलावलं. ती तिची शिकत असतानाची मैत्रीण, त्याच हॉस्पिटलचे फोटो वाचणारी. वर्गात सगळ्यांचे दहा फोटो व्हायचे तेव्हा हिचे तीन झालेले असत, म्हणून ते नाव. परीक्षेत वेळ संपल्याने ती एकदा नापासही झाली होती. तिला खरं सांगितलं नाही. म्हणाली, "नवं कार्ड घेतलंय, पण लावू की परत करू कळत नाहीये. जुन्या जोडणीवर तीस फोटो बघ आणि मला सांग. उजवीकडचाच मॉनिटर वापर." नावं-नंबर झाकले होते. ते तीसही तिने स्वतःच काही नाही म्हणून पाठवलेले होते, गेल्या आठ महिन्यांतले, आणि त्यात एकोणिसाव्या जागी तो होता. तिने मनाशी ठरवलं होतं: हिला दिसला नाही, तर कार्ड. हिला दिसला, तर आपण. इतकं सरळ. आणि आता ती मैत्रिणीमागे उभी राहून, ज्या देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं त्याच्याकडे मागत होती की हिला दिसू नये.

"उजवा तुझा जरा आजारी आहे गं," गोगलगाय बसल्या बसल्या म्हणाली. "पांढरं सगळं एकच झालंय." "हो ना?" तिचा आवाज नको इतका वर गेला. "हो. पण चालेल." आणि तिने काम सुरू केलं. पहिला फोटो तिने उघडला, मग माऊस धरून त्याचा उजेड कमी केला, इतका की सगळं राखाडी झालं, मग वाढवला, मग परत कमी केला. बाईंनी शिकवलं होतं तसं, प्रत्येक फोटो आधी अंधारात न्यायचा आणि हळूहळू उजेडात आणायचा. काही गोष्टी अंधारात आपणहून पुढे येतात. तीही करत असे, पहिली काही वर्षं. त्यात मिनिटभर जातं. गोगलगायीने पाच फोटो केले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मध्येच ती म्हणाली, "तुझ्या सासूबाई मला टाटा करतायत." तिसऱ्या मॉनिटरवर सासूबाई खरंच हात हलवत होत्या. "त्यांना काय माहीत मी बसलेय?" "रोजच करतात. मी बघतेय का ते बघायला." "आणि तू बघतेस?"

साडेबाराला गोगलगाय एकोणिसाव्याला पोचली. तिने त्याला इतरांपेक्षा वेगळं काही केलं नाही. अंधारात नेलं, उजेडात आणलं. जुना फोटो डावीकडे लावला, परत उजवीकडे बघितलं. जांभई दिली. मग माऊस थांबवून, बाजारात एखादी भाजी बाजूला काढून ठेवावी इतक्या सहज आवाजात ती म्हणाली, "ही बोलवायला हवी परत. दहाच्या जागी. बघ, ओढलंय." आणि वहीत एकोणीस लिहून त्याभोवती गोल काढला. "नवं कार्ड कशाला घेतेस? जरा उजेड फिरवला की दिसतंय सगळं. दे परत करून. ही कुणाची गं? आली का परत?"

"आली," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी. सोमवारी ऑपरेशन आहे."

गोगलगायीचा हात माऊसवरून उचलला गेला. तिने खुर्ची फिरवली नाही. पाठमोरीच म्हणाली, "रिपोर्ट कुणाचा होता?" आणि उत्तराची वाट न बघता विचारलं, "आणि बाकीचे? हे तीस?" "माझेच." "सगळ्यांत काही नाही म्हटलंयस?" "हो." "आठ महिन्यांत असे किती?" हा प्रश्न सरांनी विचारला नव्हता, नवऱ्याने विचारला नव्हता, आणि तिने स्वतःला तो विचारू दिला नव्हता. कार्ड की आपण, एवढंच ती घोकत बसली होती. आणि कार्ड असो की आपण, त्या सगळ्या बायका तशाच होत्या, रिपोर्ट कपाटात ठेवून, सुटलो म्हणत कामाला लागलेल्या. "पाच हजारांच्या वर असतील," ती म्हणाली.

मग तिने तिथेच उभं राहून सरांना फोन लावला. म्हणाली की जोडणी चुकीची होती आणि ती तिनेच केली होती, वहीतल्या सह्या न तपासता केलेल्या आहेत, आणि तरीही त्या जोडणीवर तो फोटो दुसऱ्या डोळ्याला दिसला आहे, आत्ताच. म्हणाली की आठ महिन्यांचे सगळे फोटो दुसऱ्या कुणीतरी परत वाचायला हवेत. "मॅडम," सर म्हणाले, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" "कळतंय." "तुमचं काम जाईल." "हो." "आणि पाच हजार बायकांना पत्र पाठवायचं? त्यांची झोप उडवायची? एका फोटोपायी?" "एकच आहे हे कुणी बघितलंय, सर?" ती म्हणाली. त्यांनी फोन ठेवला. रागाने ठेवला की विचार करायला, ते कळलं नाही. शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी कुणाला तरी हाक मारली, बहुधा तिलाच, आणि नवऱ्याच्या चपलांचा आवाज तिकडे गेला.

गोगलगायीने चष्मा काढून डोळे चोळले, परत लावला, आणि खुर्ची पुढे ओढली. "अकरा राहिलेत," ती म्हणाली. "तू बस ना." ती बसली नाही. मैत्रिणीच्या शेजारी, टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. मॉनिटरकडे बघण्याचं धैर्य तिला होईना, म्हणून ती मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चष्म्याच्या दोन काचांत दोन लहान पांढरे फोटो होते. ते मंद झाले, राखाडी झाले, मग हळूहळू उजळत गेले. विसावा फोटो. मैत्रिणीच्या भुवया जवळ आल्या. फोटो पुन्हा मंद झाले, पुन्हा उजळले. तिने विचारलं नाही. गोगलगाय पुढे वाकली, आणि डोळे न हलवता हाताने वही चाचपू लागली.